काचवाल्याने पोचवलेले निरोप

माणूस मेला की त्याला धुऊन-पुसून देव करून टाकायचं, ही आपली घाण सवय आहे. जिवंतपणी ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याच्या फोटोसमोर उभं राहून गळे काढायचे. मला याची चीड येते आणि ती मी लपवत नाही. म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. आमच्या इमारतीतला काचवाला देव नव्हता. खोटारडा होता. दिवसाढवळ्या, तोंडावर, डोळ्याची पापणी न लववता खोटं बोलायचा. आणि त्याच्याइतका चांगला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ज्याला हे दोन्ही एकत्र पचत नसेल त्याने पुढे वाचायच्या भानगडीत पडू नये.

मी इस्त्रीवाला. तळमजल्यावर जिन्याला लागून माझं दुकान, शेजारचा गाळा त्याचा. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे तो शिंकला की इकडे मी रुमाल शोधायचो. त्याला सगळे काचवाला म्हणत, मी दादा म्हणायचो. बुटका, गोल, पोट पुढे. उभं आयुष्य काचा वाहण्यात गेल्यामुळे हात रिकामे असले तरी दारातून आडवा शिरायचा. त्याच्या मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, तिथेही हेडमास्तरांच्या खोलीत आडवाच शिरला. हेडमास्तर उठून बाजूला झाले. त्यांना वाटलं मागून काहीतरी मोठं येतंय.

मला तो नुसतं 'इस्त्री' म्हणायचा. सकाळी शटर वर करतानाच भिंतीपलीकडून आवाज यायचा.

"काय रे इस्त्री, तापलास का?"

"तापायला काय झालं? पेपर वाचला."

"मग आता शर्टावर फिरव. माणसांवर फिरवू नको, डाग पडतात."

मी तापट आहे, हे सगळ्या इमारतीला माहीत. खरं तोंडावर बोलतो आणि लोक दुखावले तर दुखावू देतो. दादा माझ्या बरोबर उलटा. आमचं जमलं कसं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुतेक त्यानेच जमवलं असणार आणि मला पत्ता लागू दिला नसणार.

त्याच्या कामाची एक रीत होती. नवी काच बसवली की ती दिसत नाही, माणूस जाऊन आदळतो. म्हणून काचवाले तिच्यावर खडूने फुली मारतात. दादा फुली मारत नसे, तोंड काढायचा. ओला खडू घेऊन चार रेघांत घरमालकाचं तोंड. नाक मोठं असेल तर आणखी मोठं. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या खिडकीवर त्याने टक्कल काढलं होतं, नुसतं टक्कल आणि खाली चष्मा. अध्यक्ष ओरडले, "हे काय आहे?" दादा म्हणाला, "साहेब, पौर्णिमेचा चंद्र. चष्मा नजर लागू नये म्हणून." पुसायचं काम मालकाचं, हा त्याचा नियम. अध्यक्षांनी तो चंद्र आठवडाभर पुसला नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्याची बायको, आमच्या वहिनी, धान्याच्या गोदामात काट्यावर बसायच्या. पोती तोलायची, आकडा ओरडून सांगायचा. मालकाने डोळा मारला म्हणून पावशेर इकडचा तिकडे होणार नाही. घरीही तसंच. तुमचं पोर काळवंडलं असेल तर "काळवंडलंय" म्हणणार, नवी साडी भडक असेल तर "भडक आहे" म्हणणार. या बाईने याच्याशी संसार कसा केला, देव जाणे. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"तुम्ही वरच्यांना सांगितलंत, मी त्यांच्या स्वयंपाकाची तारीफ केली म्हणून?"

"केलीस की."

"मी म्हटलं होतं, मीठ जास्त पडलं."

"म्हणजे पदार्थ चांगला, मीठ जास्त. मी पहिलं अर्धं पोचवलं. दुसरं जड होतं, जिना चढवेना."

मग भांडं आपटल्याचा आवाज आणि त्याच्या पाठोपाठ वहिनींचं दाबून ठेवलेलं हसू. त्या हसायच्या ते तोंडावर पदर धरून, चोरी केल्यासारख्या.

एकच मुलगी. ती लहान असताना तो तिला हातगाडीवर पुढे बसवायचा, मागे काचा उभ्या बांधलेल्या. रस्त्याभर पोरगी ओरडत जायची, "काच! काच! बाजूला व्हा!" गाड्या, सायकली, मोठाले साहेबलोक बाजूला व्हायचे. पुढे ती नर्सिंग शिकायला परगावी निघाली. आम्ही पोचवायला गेलो. स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दादाने तिची ट्रंक डोक्यावर घेतली आणि गर्दीत घुसला. "काच आहे, काच! सांभाळून! काच आहे!" गर्दी फाटली. मागून पोरगी रडत आणि हसत चालली होती. बस हलेपर्यंत तो खिडकीशी उभा राहून थट्टा करत होता. परत येताना मात्र वाटेत चकार शब्द बोलला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला गप्प बसावंसं वाटलं.

आता त्याच्या खोट्याकडे येतो. इकडचं तिकडे करणारे लोक प्रत्येक इमारतीत असतात. आमच्याकडेही आहेत आणि ते कोण हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ते कान भरतात, आग लावतात आणि मग गॅलरीत उभं राहून धूर बघतात. दादाही इकडचं तिकडे करायचा, पण तो चांगलंच न्यायचा. आणि न्यायला चांगलं काही सापडलं नाही की घरचं घालायचा. "तिसऱ्या मजल्यावरचा तुमची फार आठवण काढत होता." तिसऱ्या मजल्यावरच्याने शिवी दिलेली असायची.

हे मला कळलं ते बहिणींच्या खिडकीमुळे.

आमच्या इमारतीत दोन सख्ख्या बहिणी राहतात. थोरली दुसऱ्या मजल्यावर, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणतात. धाकटी बरोबर त्यांच्याखाली, पहिल्या मजल्यावर. शिवणकाम करते. आई शेवटची आजारी पडली तेव्हा धाकटीकडे होती. अंथरुणातच सगळं, वर्षानुवर्षं. बाईंची शाळा, त्या रविवारी यायच्या, खुर्चीत बसायच्या, जायच्या. आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना बाई धाकटीला म्हणाल्या, "औषध वेळेवर दिलं असतंस तर आई आज असती." एवढंच वाक्य. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. एक जिना, एक नळ, एक भिंत, आणि बोलणं बंद. बाई उतरायला लागल्या की धाकटी दार लावून घ्यायची.

एकदा वाऱ्याने बाईंच्या खिडकीतली कुंडी खाली गेली. धाकटीची खिडकी बाहेर उघडलेली होती, तिच्या तावदानाचा चक्काचूर झाला. शिवणयंत्रावर काचा, कुणाच्या तरी लग्नाच्या कापडावर माती. बाई वरून डोकावल्या आणि आत गेल्या. झालं. इमारतीने श्वास रोखला.

दादाने मला काच धरायला नेलं. मी तावदान धरून उभा, तो खाचेत पुट्टी भरतोय, धाकटी पाठ करून कापडावरची माती झटकतेय. हा सहज बोलल्यासारखा म्हणाला,

"मघाशी वर गेलो होतो, कुंडीचं माप बघायला."

"कुंडीचं कसलं माप?" धाकटी म्हणाली.

"तेच. बाई रडत होत्या."

धाकटीचा हात थांबला.

"कुंडीसाठी?"

"छे. म्हणाल्या, त्या दिवशी जे तोंडातून गेलं ते गेलं. पण आई दोन वर्षं जास्त जगली ती धाकटीमुळे. मी हे तिला सांगू कसं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मला काय माहीत, मी काचवाला."

धाकटी वळली नाही. खांदे तेवढे हलत होते. मी काच धरून पुतळ्यासारखा उभा. दादाने शांतपणे पुट्टी साफ केली, खडू ओला केला आणि तावदानावर बाईंचं तोंड काढलं, चष्म्यासकट, उलटं. वरून डोकावताहेत असं. धाकटीने मागे पाहिलं आणि रडता रडता फिसकन हसली.

जिन्यात मी त्याला धरलं.

"दादा, तू वर कधी गेला होतास?"

"आता जातोय."

"म्हणजे बाई असं काही म्हणाल्याच नाहीत?"

"अजून नाही म्हणाल्या. म्हणतील." तो धापा टाकत पायऱ्या चढत होता. "अरे, त्यांच्या पोटात आहे ते. ओठांवर यायला वेळ लागतोय, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात ना. मी जरा आधी पोचवलं."

"हे साफ खोटं आहे."

"उद्याचं आहे. तू तापू नको, इस्त्री. खाली जा, कुणाची तरी पँट जळतेय."

वर जाऊन त्याने बाईंना काय सांगितलं ते त्यानेच मला नंतर सांगितलं. "धाकटी म्हणते, काच गेली तर गेली, ताईला तर काही लागलं नाही ना?" धाकटीही असं काही म्हणाली नव्हती. पण दोन दिवसांनी तिने उरलेल्या कापडाची पडद्याची झालर शिवून वर पाठवली. मग बाई खाली आल्या, दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "चहा टाकतेस का?" तेव्हापासून रोज दुपारचा चहा एकत्र. त्या वाक्याचा विषय दोघींनी कधी काढला नाही. दोघीही त्याच आईच्या मुली, मानी. बाईंचं ते उलटं तोंड तावदानावर खूप दिवस होतं. धाकटी काच पुसायची ती त्याच्या कडेकडेने.

दादा गेला तो न्हाव्याच्या खुर्चीत. कोपऱ्यावरचं दुकान, सकाळची वेळ. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर साबण आणि हा गोष्ट सांगतोय. शेवट यायच्या आधी थांबायची त्याची सवय होती, माणसाचा जीव टांगणीला लावायचा. थांबला. न्हावी वस्तरा हातात धरून हसायच्या तयारीत उभा. वाट बघत राहिला. मग त्याला कळलं.

न्हाव्याने आधी माणसं बोलावली नाहीत. राहिलेला गाल केला, टॉवेलने तोंड पुसलं, मग ओरडत बाहेर आला. कुणीतरी त्याला बोललं, आधी डॉक्टर आणायचा सोडून हे काय करत बसलास? मी त्या शहाण्याला तिथेच झापला. डॉक्टरने येऊन काय केलं असतं? न्हावी मला म्हणाला, "अर्धी दाढी ठेवून वहिनींसमोर कसा पाठवू? लोक हसले असते. आणि हसणाऱ्यात तो नसता."

पुढच्या रविवारी सकाळी त्याच्याच गाळ्यात शोकसभा ठेवली. काचा भिंतींना टेकून उभ्या होत्या, त्यामुळे होती त्याच्या दुप्पट माणसं दिसत होती. अध्यक्षांनी गंभीर चेहऱ्याचा फोटो आणायला सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, "तसला फोटो बाबांचा निघालाच नाही." तिने आणलेल्या फोटोत तो डोळे मिटून, तोंड उघडं टाकून हसत होता, समोरचा एक दात नाही. वहिनी पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. त्यांच्या मागे बाई आणि धाकटी, शेजारी शेजारी, बाईंची पर्स धाकटीच्या मांडीवर.

अध्यक्ष बोलायला उठले. "दिवंगत हे एक सौजन्यमूर्ती व्यक्तिमत्त्व होते. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी..." मी दात आवळून बसलो होतो. पोकळी म्हणे! खिडकी आहे का ती, काच बसवायला? पण बसलो होतो गप्प. मग अध्यक्ष म्हणाले, "त्यांचं माझ्या भाषणांवर विशेष प्रेम. ते मला नेहमी सांगायचे, साहेब, आमचा इस्त्रीवाला तुमचं भाषण ऐकायला दुकान बंद करतो. म्हणतो, असा वक्ता होणे नाही."

माझ्या डोक्यात सणक गेली.

"मी?" मी उभाच राहिलो. "मी असं जन्मात म्हटलेलं नाही. तुमचं भाषण सुरू झालं की मी दुकान बंद करतो ते घरी जाण्यासाठी."

मागून रखवालदार खुदकन हसला. त्याचं हसू बघून तिसऱ्या मजल्यावरचा टपाल कारकून, जो रोज संध्याकाळी बासरी छळतो, तो रागाने वळला.

"तुम्ही हसू नका. तुम्ही तर माझ्या बासरीची रोज वाट बघता ना? काचवाल्यांनी सांगितलंय मला."

"मी?" रखवालदार म्हणाला. "साहेब, मी कानात कापूस घालतो!"

गाळा हसला. काचा सुद्धा हलल्या. मग कुणाला आवरेना. ज्याला त्याला आपलं आठवायला लागलं. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "अगंबाई, मग मला सांगितलं ते? वहिनी माझ्या हातच्या चहासाठी जीव टाकतात म्हणून?"

सगळे वहिनींकडे वळले. वहिनी जशा काट्यावर आकडा सांगतात तशा म्हणाल्या, "खोटं. मी म्हटलं होतं, दूध कमी आणि साखर जास्त."

"आणि माझं, वहिनी?" न्हावी डोळे पुसत उठला. "मला म्हणायचा, तुझा हात एवढा हलका की अध्यक्षसाहेब दुसरीकडे केस कापत नाहीत."

लोकांनी अध्यक्षांच्या डोक्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी पण नकळत डोक्यावर हात फिरवला.

"खोटं," वहिनी म्हणाल्या. "आणि हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं."

आता तर अध्यक्षही हसत होते. मुलगी पोट धरून हसत होती, तोंड उघडं टाकून, डोळे मिटून, थेट त्या फोटोसारखी. जो तो उठून विचारत होता, "आणि माझं, वहिनी?" आणि वहिनी एकेकाचा निकाल लावत होत्या. खोटं. खोटं. अर्धं खोटं. शोकसभेत एवढं हसू मी पाहिलं नव्हतं. त्याला साजेसा निरोप चालला होता.

आणि मग माझं लक्ष धाकटीकडे गेलं.

ती हसत नव्हती. पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. ही काडी मी लावली होती. माझी खरं बोलायची खाज! आणि ती आग आता एकेक बाक ओलांडत तिच्यापर्यंत आली होती. त्या एका वाक्यावर दोघींचा रोजचा चहा उभा होता. आणि ते वाक्य ज्याने रचलं तो फोटोत डोळे मिटून बसला होता.

धाकटी उठली. हळूहळू हसू विझलं.

"वहिनी," ती म्हणाली. "मला पण एक सांगितलं होतं. ताईचं." ती बाईंकडे बघत नव्हती. "आई दोन वर्षं जास्त जगली ती माझ्यामुळे, असं ताई म्हणाली म्हणून. तेही... तसलंच का?"

इमारतीत असा एकही माणूस नव्हता ज्याला आईच्या मरणादिवशीचं ते वाक्य माहीत नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्या शिक्षिका, मुलांना खोट्यासाठी छड्या दिलेल्या. त्या 'हो' म्हणणार नाहीत, हे मला कळत होतं. 'नाही' म्हटलं की संपलं. मी तोंड उघडलं, पण माझ्या तोंडाला त्या कामाची सवयच नव्हती.

वहिनी मागे वळल्या. पूर्ण वळल्या, बाकावर हात टेकून. धाकटीकडे पाहिलं, मग बाईंकडे. पोतं काट्यावर ठेवल्यावर काटा स्थिर व्हायची वाट बघतात, तेवढा वेळ थांबल्या.

"ते खरं," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी बोटाने वरचा मजला दाखवला.

"मी होते तिथे. कुंडी पडली त्या दिवशी. हे वर गेले तेव्हा मी बरोबर होते. बाई रडत होत्या. त्यांना आठवत नसेल, रडताना माणसाला आपण काय बोललो ते आठवत नाही. पण मी ऐकलंय, या कानांनी."

त्या दिवशी त्या वेळी वहिनी गोदामात काट्यावर होत्या. काच मी धरली होती. आणि दादा वर गेला तो एकटा, माझ्यासमोर, धापा टाकत. हे त्या गाळ्यात दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि वहिनींना. आणि आपण रडलो नव्हतो, हे तिसऱ्या माणसाला, खुद्द बाईंना.

बाई वहिनींकडे बघत होत्या. इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं की वहिनी खोटं बोलत नाहीत. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. बाईंना मात्र कळत होतं की आपल्या डोळ्यांदेखत काय घडलंय आणि कुणासाठी. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"मी म्हणाले होते की नाही, ते राहू दे," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला, कडक. त्या उठून धाकटीसमोर उभ्या राहिल्या. "आत्ता म्हणते, ते ऐक. आई दोन वर्षं जास्त जगली ती तुझ्यामुळे. औषधाचं मी बोलले ते चूक होतं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. आणि आता भर सभेत पुन्हा विचारायचं नाही. खाली बस."

धाकटी बसली. बाई बसल्या. पर्स मघाशी धाकटीच्या मांडीवर होती, ती आता दोघींच्या मधे आली आणि तिच्यावर दोघींचे हात. दादाने जिन्यात धापा टाकत सांगितलेला उद्याचा निरोप रविवारच्या सकाळी येऊन पोचला होता. मी फोटोकडे पाहिलं. हरामखोर हसत होता.

न्हाव्याने नाक शिंकरलं आणि विचारलं, "ती गोष्ट कुणाला माहीत आहे का, एक माणूस घोडा घेऊन डॉक्टरकडे जातो ती? तिचा शेवट त्याच्याकडून ऐकायचा राहिलाय." कुणालाच माहीत नव्हती. मग प्रत्येकाने आपापला शेवट सांगितला. सगळे भिकार होते.

माणसं पांगली. मुलगी खुर्च्या परत द्यायला गेली. मी बाक भिंतीशी लावत होतो, वहिनी फोटो पुसत होत्या.

"भावोजी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काच त्या दिवशी तुम्ही धरली होतीत ना?"

"होय."

"मग गप्प राहा."

"मी काही बोललोय का?"

"बोलायला एरवी तुम्हाला कुणी विचारावं लागत नाही."

त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला एक विचारायचंय. खरं सांगा. गोदामातून मी कधी वैतागून आले की हे मला सांगायचे, इस्त्रीवाला तुझं नाव काढत होता. म्हणतो, वहिनी काट्यावर आहेत म्हणून त्या गोदामात गरिबाच्या पदरात खरं माप पडतं. अशी बाई शेजारी आहे याचा मला अभिमान आहे, असं म्हणतो." "मला फार बरं वाटायचं. तुमच्यासारखा माणूस उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही ना. ते तुम्ही म्हणाला होतात?"

नव्हतो म्हणालो. मी म्हणालो होतो, दादा, तुझी बायको कात्रीसारखी बोलते, तुला रोज कापत कशी नाही? त्याने तेवढ्याचं हे केलं होतं. आणि ही बाई त्या शब्दांवर इतकी वर्षं त्या धुळीत उभी राहिली होती.

"म्हणालो होतो," मी म्हणालो.

"कधी?"

"असंच. इस्त्री करता करता."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडावर गेला, खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

"जमत नाहीये तुम्हाला," त्या पदराआडून म्हणाल्या. "मान खाली घातलीत. हे कधी मान खाली घालायचे नाहीत. डोळ्यांत बघून सांगायचे."

मी बाक सोडला, मान वर केली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.